गाडी सुरू होईना म्हणजे बॅटरीच गेली?

सकाळी गाडी अडली की गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत एकच सल्ला मिळतो: बॅटरी बदला. हा समज चुकीचा आहे. त्यापायी चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात, याचं वाईट वाटतं. स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, जोमात फिरूनही इंजिन पकडत नसेल, तर दोष पेट्रोल किंवा स्पार्कमध्ये शोधा. स्टार्टर रेंगाळत असेल तर आधी बॉनेट उघडा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत बॅटरीच्या टर्मिनलवर, म्हणजे तारा जोडतात त्या टोकांवर, पांढरट-हिरवा थर चढतो आणि करंट अडतो. आधी ऋण, मग धन टोक सोडवा, खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने घासा, कोरडं करून घट्ट आवळा. जोडताना ऋण शेवटी. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीच्या टोकांवर मीटर लावून १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास दिसत नसेल, तर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र, तपासा.