पणजीतल्या रस्त्याची वाटणी

पणजीत रस्ता रुंद करायला जागाच नाही. एका अंगाला आल्तिन्होची टेकडी, दुसऱ्या अंगाला मांडवी. चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला जे द्यायचे, ते गाड्यांच्या वाट्यातूनच काढावे लागते. हा वाटा गाड्यांकडे गेला मात्र अगदी अलीकडे.

शेजारच्या रायबंदरपर्यंत रस्ता नेणारा बांध १६३३-३४ सालचा. शहराचे चौकटीतले रस्ते एकोणिसाव्या शतकात दलदल भरून आखले गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. तेव्हा मोटार कुठे होती? १९६१ च्या गोवा मुक्तीनंतरही मांडवीवर पूल होईपर्यंत पलीकडच्या काठावरच्या बेतीचा माणूस फेरीबोटीतून उतरून पायीच बाजारात शिरायचा. पूल झाला आणि गाडी थेट दुकानापुढे येऊ लागली. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला, शहर पुन्हा फेरीबोटींवर आले, पण गाडीची सवय सुटली नाही. बाजारातला ‘१८ जून रस्ता’ एकेरी आहे, तरी मोकळी रुंदी चालणाऱ्याकडे आली नाही. ती पार्किंगने खाल्ली.

हिशेब सोपा आहे. बारा मीटरच्या रस्त्यावर दोन्ही कडांना दोन-दोन मीटर पार्किंग आणि मधे तीन मीटरच्या दोन मार्गिका धरल्या, तर फुटपाथला प्रत्येकी एकच मीटर उरतो, त्यातही विजेचा खांब. रस्त्यांचे मानक ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ ची मार्गदर्शिका किमान १.८ मीटर मोकळी रुंदी मागते. एका बाजूचे पार्किंग काढले की दोन्ही फुटपाथ दोन-दोन मीटरचे होतात. सायकल मार्गिका हवी तर दुसरी बाजूही सोडावी लागते. व्यापारी नेमके इथेच अडतात.

मे २०१६ मध्ये पणजी स्मार्ट सिटी योजनेत आली आणि रस्ते नव्याने खणले गेले. अशा कामात क्रम चुकला की सगळे फुकट. आधी मलनिस्सारण, पाणी आणि केबल, मग गटार, शेवटी फुटपाथ. गटारावरची लादी पावसाळ्याआधी गाळ काढायला उचलतात. कड तुटली की ती परत नीट बसत नाही आणि माणूस रस्त्यावर उतरतो. डांबराचे थर न खरवडता चढवत गेले की दर खेपेला रस्ता चार-पाच सेंटिमीटर वर येतो. फुटपाथची १५ सेंटिमीटर उंच कड तिसऱ्या थरानंतर नावापुरतीच उरते आणि दुचाकी सरळ फुटपाथवर चढते.

फुटपाथच्या तोंडाशी खुंट्या रोवल्या तरी दुचाकी अडत नाही. चाकाच्या खुर्चीसाठी किमान ९० सेंटिमीटर फट ठेवावीच लागते, आणि स्कूटर जेमतेम ७० सेंटिमीटर रुंद. म्हणून प्रत्येक चौकाजवळ कारची एक जागा मोडून तिथे चार-पाच दुचाक्यांचा स्टँड करायचा, फुटपाथवर नव्हे, डांबरावर.