खासगी वीज घेतली तरी डीपी तीच

"2003च्या कायद्यानं वीजबाजार खुला झाला, आता सिमकार्डासारखी कंपनी बदला," हे विदर्भातल्या खेड्यांत अजून ऐकू येतं. तसं नाही. पुरवठादार निवडायची मुभा मोठ्या ग्राहकाला आहे: 1 मेगावॉट (1000 किलोवॉट) किंवा जास्त भार असलेल्याला, हरित विजेसाठी 2022 पासून 100 किलोवॉट. पाच एचपीचा कृषिपंप भरतो जेमतेम 3.7 किलोवॉट! कापसाचा जिनिंगवाला पात्र ठरू शकतो, पण वहन आकार (तारा वापरण्याचं भाडं) आणि क्रॉस सबसिडी अधिभार (इतरांना स्वस्त वीज देता यावी म्हणून घेतलेली रक्कम) त्याच्याही माथी येतात. नुसता युनिटचा दर पाहिला की हिशेब फसतो. तारा अन् डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, महावितरणच्याच राहतात. वीज कुणाचीही असो, 63 केव्हीए क्षमतेच्या डीपीवर मंजुरीबाहेरचे पंप चालले की तेल तापतं, आतलं तारांचं वेटोळं (वाइंडिंग) जळतं.