साठ्यातले गणंग

अडीअडचणीला असावा म्हणून मी एकदा पाच किलो राजमा भरून ठेवला होता. डबा कोरडा, झाकण घट्ट, जागा शेगडीच्या बरोबर वरच्या फळीवर. चार वर्षांनी उघडला तेव्हा किडीचा मागमूस नव्हता, कुबट वासही नव्हता. स्वतःवर खूश होऊन मी तो रात्रभर भिजवला आणि दाणे छान टपोरे फुगले. दुसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता घर कंटाळलं, तरी दाणा बोटांत चेपेना. हाताशी भरपूर गॅस आणि पाणी असताना ही गत. ज्या दिवसासाठी राखून ठेवला, त्या दिवशी तो नुसता वजनाला उरला असता.

साठवण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी कीड येते. पण दाण्याला बुरशी लागते, तो खवट होतो, किंवा माझ्या राजम्यासारखा दिसायला धडधाकट राहून आतून दगड होतो. या बहुतेक भानगडींच्या मुळाशी पाणी असतं, आणि ते डब्यात नंतर शिरलेलंच असतं असं नाही. दाण्याबरोबर ते आधीच आलेलं असतं.

किलोभर गहू मुठीत घेतला तर ठणठणीत कोरडा वाटतो, पण त्यात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. दाणा आणि भोवतालची हवा यांच्यात या पाण्याची सतत देवघेव चालते. हवा दमट असेल तर दाणा पाणी ओढून घेतो, कोरडी असेल तर सोडतो. बंद डब्यात हवा मूठभर आणि धान्य ढीगभर, त्यामुळे तिथे दाण्याचंच राज्य चालतं आणि हवेला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. गहू किंवा तांदळात १२-१३ टक्के पाणी असेल तर डब्यातल्या हवेची आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. बुरशीचे बीजाणू दाण्यावर असतातच, पण एवढ्या कोरड्या हवेत त्यांना डोकं वर काढता येत नाही. दाण्यातलं पाणी १५ टक्क्यांवर गेलं की हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर जाते आणि बुरशीचं फावतं.

७५ हा आकडा मिठालाही लागू पडतो. खोलीच्या तापमानाला हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मिठाला पाणी सुटतं. म्हणजे आर्द्रता मोजायचं एक साधन प्रत्येक स्वयंपाकघरात आहेच. काचेची कोरडी बरणी घ्या, तिचा एक तृतीयांश भाग धान्याने भरा, वर चमचाभर कोरडं, मोकळं मीठ टाका, झाकण लावून चांगलं हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं किंवा त्याच्या गुठळ्या झाल्या, तर धान्यात १५ टक्क्यांहून जास्त पाणी आहे. ते डब्यात भरू नका, आधी वाळवा. मीठ मोकळं राहिलं तर धोका टळला एवढंच समजायचं. लांबच्या साठवणीसाठी त्याहून बरंच कोरडं धान्य लागतं.

बुरशीच्या बाबतीत कुणी ‘धुऊन घेतलं, ऊन दाखवलं, झालं’ म्हणालं तर मी वाद घालते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता घेता बोट गेलं ते त्यांच्या खाद्यातल्या बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीकडे, आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष उजेडात आलं. ते यकृतावर घाव घालतं आणि घरच्या शिजवण्या-भाजण्याने पुरतं नष्ट होत नाही. बुरशी झटकली तरी विष दाण्यातच राहू शकतं. मका आणि शेंगदाणे यांना याचा धोका विशेष. बुरसटलेलं धान्य टाकून देण्यात कंजुषी नको, आणि ते जनावरांपुढेही ठेवू नये.

आता किडे. तांदळातला सोंड्या बाहेरून आत शिरला असं आपल्याला वाटतं, पण पुष्कळदा तो आतूनच बाहेर आलेला असतो. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच बसवते. अळी आतला ऐवज खात वाढते, तिथेच कोष होतो, आणि उबदार हवेत महिनाभराने किडा दाणा पोखरून बाहेर येतो. तोवर दाणा वरून निर्दोष दिसतो. म्हणून धान्य घेताना निवडून घेतलं तरी महिन्याभरात किडे दिसले, तर दोष निवडणाऱ्याच्या डोळ्यांचा नसतो. कडधान्यातला भुंगेरा मात्र अंडी दाण्याच्या सालीवर चिकटवतो, त्यामुळे नीट पाहिलं तर पांढरे ठिपके दिसतात. कडधान्याला तेलाचा हात फिरवल्याने भुंगेऱ्याला आळा बसतो तो याचमुळे. तेलाचा थर बाहेरच्या अंड्यांना गुदमरवतो. दाण्याच्या पोटात बूच लावून बसलेल्या सोंड्याच्या अंड्यापर्यंत हा उपाय तितकासा पोचत नाही.

थोडा साठा असेल तर फ्रीझर उत्तम. उणे १८ अंशांना चार दिवस ठेवलं की अंडी, अळ्या, किडे सगळे मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. थंड दाण्यावर हवेतली वाफ पाणी होऊन बसते, आणि एक शत्रू मारताना दुसऱ्याला आमंत्रण जातं. खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं, मगच उघडावं.

जास्त साठ्याला हवाबंद डबा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅमेरूनमध्ये चवळी साठवण्यासाठी थरांच्या हवाबंद पिशव्यांची पद्धत विकसित केली. औषध काहीच नाही. आत कोंडलेले किडेच श्वास घेऊन आतला ऑक्सिजन संपवतात. पुढे याच गटाच्या लक्षात आलं की किडे नुसते गुदमरत नाहीत, ते तहानेने मरतात! सुक्या दाण्यात राहणारा किडा पाणी पिणार कुठून? खाल्लेलं अन्न ऑक्सिजनच्या मदतीने जाळताना जे पाणी तयार होतं त्यावरच त्याची गुजराण. एक ग्रॅम ग्लुकोज पुरतं जळालं की ०.६ ग्रॅम पाणी मिळतं. ऑक्सिजन बंद, की त्याचा पाणवठाच बंद.

यातून व्यवहाराची गोष्ट निघते ती अशी की एक मोठं पिंप भरून रोज उघडण्यापेक्षा चार मध्यम डबे काठोकाठ भरून एकेक फोडणं केव्हाही चांगलं. अर्ध्या रिकाम्या डब्यात उरलेला अर्धा भाग हवेचा, आणि तीही दर उघडझापेला ताजी. ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या मिळतात, त्यांत लोखंडाचा भुगा असतो, तो गंजताना ऑक्सिजन खातो. त्या फक्त पूर्ण कोरड्या, कमी तेलाच्या पदार्थांसाठी आहेत. अर्धवट वाळलेल्या, ओलसर पदार्थांत त्या टाकू नयेत. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचं विष तयार करणाऱ्या जिवाणूला ऑक्सिजन नसलेली ओलसर जागाच हवी असते. साखरेत टाकली तर विष नाही होणार, पण साखरेची वीट होईल.

आणि एक कडक सूचना. गोदामांत धान्याला धुरी देण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो आणि तो किड्याइतकाच माणसालाही मारतो. राहत्या घरात ती गोळी कधीही नको.

आता माझ्या राजम्याकडे येते. न शिजणाऱ्या दाण्याला आपण सरसकट गणंग म्हणतो, पण त्यात दोन जाती आहेत. एकाचं साल इतकं आवळलेलं असतं की पाणी आतच शिरत नाही. रात्रभर भिजवूनही तो खड्यासारखा तळाशी राहतो, दिसतो आणि वेचून टाकता येतो. दुसरा जास्त लबाड. तो पाणी पितो, फुगतो, भरवसा देतो आणि मग शिजत नाही. माझे दाणे या दुसऱ्या जातीचे होते.

दाणा मऊ होतो म्हणजे त्याच्या पेशी एकमेकींपासून सुटतात. पेशींना जोडून ठेवणारा लेप पेक्टिनचा असतो, तोच जो जॅम घट्ट करतो. ताज्या दाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे बरेचसे फायटेट नावाच्या संयुगाने धरून ठेवलेले असतात. ऊब आणि ओलावा असला की दाण्यातलंच एक विकर (एन्झाइम) महिनोन्‌महिने हळूहळू फायटेट तोडतं, मोकळं झालेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पेक्टिनला जाऊन चिकटतं आणि लेपाचं जणू सिमेंट होतं. हे यामागचं एक मुख्य कारण मानलं जातं. शेगडीवरच्या फळीने नेमकी ही ऊब पुरवली होती. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे आमचं पाणी जड, त्यात कॅल्शियम आधीच भरपूर.

उपाय त्याच रसायनशास्त्रात आहे. भिजवताना पाण्यात थोडं मीठ घातलं तर सोडियम काही प्रमाणात कॅल्शियमची जागा घेतो. चिमूटभर खाण्याचा सोडा पेक्टिन सैल करतो, फक्त थायमिन हे जीवनसत्त्व त्यात मार खातं. आंबट काहीही दाणा शिजल्यावरच घालायचं, कारण आम्लामुळे पेक्टिन लवकर सुटत नाही.

राजम्याच्या बाबतीत कच्चेपणा हा नुसता चवीचा प्रश्न नाही. त्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं आणि चार-पाच कच्चे दाणेही जोरदार उलट्या आणि जुलाब घडवू शकतात. इंधन वाचवायला मंद आचेवर, न उकळता ठेवलेला राजमा सगळ्यांत वाईट, त्यात विषारीपणा उलट वाढू शकतो. भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय तो खाऊ नये. म्हणून आणीबाणीच्या साठ्यात मी आता राजमा कमी आणि मसूर किंवा सोललेली डाळ जास्त ठेवते. डाळीचं साल गेलेलं, दाणा दुभंगलेला, ती लवकर शिजते.

तेल आणि पिठाचं थोडक्यात. दळलं की दाण्यातली चरबी हवेला उघडी पडते, म्हणून अख्खा गहू वर्षानुवर्षं राहतो आणि त्याचं पीठ काही महिन्यांत खवटतं. हातसडीचा तांदूळ पोषक खरा, पण कोंड्यातल्या तेलामुळे सहा महिन्यांच्या आसपासच टिकतो. पांढरा तांदूळ कोरडा, हवाबंद आणि थंड जागी दशकं काढू शकतो. तेल अंधारात, लहान बाटल्यांत. मीठ-साखर ओली झाली नाही तर कधीच बिघडत नाही.

अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात तीस वर्षांपर्यंत डबाबंद ठेवलेला पिंटो घेवडा शिजवून लोकांना चाखायला दिला होता. ‘आणीबाणीत खायला चालेल’ असं ८० टक्क्यांहून जास्त जणांनी सांगितलं. ‘चालेल’ आणि ‘आवडेल’ यांतलं अंतर प्रत्येकाने आपापल्या घरातल्या मुलांवरून ठरवावं.

साठा किती? मदतकार्यात माणशी दिवसाला २१०० किलोकॅलरी हा आकडा धरतात. ४०० ग्रॅम तृणधान्य, १०० ग्रॅम डाळ, ३५ ग्रॅम तेल, १५ ग्रॅम साखर एवढ्यात तो जवळजवळ पुरा होतो. प्रथिनांच्या घटकांपैकी तृणधान्यात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी, एकत्र खाल्ली की एकमेकींची उणीव भरून निघते. चार माणसांना चौदा दिवसांसाठी हिशेब २२.४ किलो धान्य, ५.६ किलो डाळ, दोन किलो तेल आणि किलोच्या आत साखर. सगळं मिळून एकतीस किलो. एका कोपऱ्यात मावेल.

पण पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी चार लिटर पाणी धरलं तर त्याच चौदा दिवसांना २२४ लिटर लागतं. हा आकडा पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा डब्यांच्या रांगेकडे पाहून मला जरा ओशाळल्यासारखं झालं. पाण्यावाचून सुकं धान्य हे न उघडलेल्या कुलपासारखं. निदान पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी न शिजवता खाता येईल असं काहीतरी त्या रांगेत हवंच.

कोरड्या साठ्यात आणखी एक भोक आहे, क जीवनसत्त्वाचं. सुक्या दाण्यात ते जवळजवळ नसतं, पण मोड आले की तयार होतं. हॅरिएट चिक आणि एलेन डेल्फ या ब्रिटिश संशोधिकांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हे तपासून १९१९ मध्ये मांडलं होतं, क जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या स्कर्व्ही या रोगावर उतारा शोधताना. मुगासारख्या कडधान्याची एक पिशवी त्यासाठी वेगळी असावी.

मोड ही जुन्या साठ्याची परीक्षाही आहे. जपानमध्ये ‘रोलिंग स्टॉक’ म्हणून जी पद्धत सांगतात, ती म्हणजे रोजच्या खाण्यातलंच थोडं जास्त घ्यायचं, जुनं आधी वापरायचं, संपलं तेवढं भरायचं. ती पाळली तर परीक्षेची वेळ सहसा येत नाही. पण मागे सरकून विसरलेला एखादा डबा निघतोच. त्यातले वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून तीन-चार दिवस ठेवायचे. बहुतेकांना मोड आले तर दाणा जिवंत आहे, आणि जिवंत दाणा सहसा शिजतोही. माझ्या राजम्याच्या वीसपैकी एकालाही आला नाही. आता त्या फळीवर रिकाम्या बरण्या असतात, आणि धान्य पलंगाखाली, घरातल्या सगळ्यांत थंड कोपऱ्यात.