ब्रिटन आत कसा शिरला, बाहेर का पडला

कळमन्याच्या फळबाजारात आंबिया बहराची संत्री आली की अडत्यांच्या बोलण्यात भावाच्या आधी बॉर्डर येते. नागपुरी संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. २०१९ पासून तिथल्या सरकारनं आयातशुल्क वाढवत नेलं आणि इथला भाव पडत गेला. मागच्या हंगामात एका अडत्यानं क्रेटमधलं एक संत्रं उचलून माझ्या हातावर ठेवलं. वरून सोन्यासारखं, पण अंगठा लावला तर साल आतून सुटलेली. "ट्रक तीन दिवस बॉर्डरवर उभा राहिला का असं होते, भाऊ. कागद नाही झाले म्हणून संत्रं पिकायचं थोडीच थांबते?"

स्पेनच्या बागाईतदाराला ही कटकट १९९३ पासून नव्हती. व्हॅलेन्सियात भरलेला ट्रक थेट लंडनच्या मंडईत जाऊन उभा राहायचा. वाटेत ना जकात, ना सीमाशुल्काचा कागद. २०२० संपलं आणि कागद परत आले. जकात अजूनही नाही, पण कागद आहेत. हे ब्रिटननं युरोपीय संघातून निघायचं मत देऊन स्वतः ओढवून घेतलं. काहून, हे समजायचं तर २०१६ च्या मतदानापाशी थांबून भागत नाही. तो देश आत शिरला कसा, तिथून सुरुवात करावी लागते.

९ मे १९५० ला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमन यांनी एक प्रस्ताव मांडला: फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक सत्तेखाली आणायचं. बाजारपेठ वाढवणं हा त्यातला दुय्यम भाग. कोळसा आणि पोलाद यांच्यावाचून तोफा होत नाहीत, ही खरी गोम. पाच वर्षांपूर्वीच राखरांगोळी झालेल्या देशांना ते समजावून सांगावं लागलं नाही. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग असे सहा देश १९५१ साली एकत्र आले. आजच्या युरोपीय संघाचं मूळ ते हे.

ब्रिटन आला नाही. त्याची भूमी शत्रूच्या ताब्यात गेली नव्हती, खाणींचं राष्ट्रीयीकरण नुकतंच १९४७ मध्ये झालं होतं, आणि व्यापाराची सवय समुद्रापलीकडची होती. ही सवय आपल्या गावालाही ठाऊक आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात आली ती विदर्भाचा कापूस मुंबईच्या बंदरात आणि तिथून लँकेशायरच्या गिरण्यांकडे न्यायला. जमशेटजी टाटांच्या गिरणीचं नाव एम्प्रेस मिल का, तर ती १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली. असं साम्राज्य हाताशी असलेल्या देशाला शेजारच्या सहा घरांशी भागी करायची निकड वाटली नाही, यात नवल नाही. नवल हे, की साम्राज्य गेल्यावरही काही वर्षं ती वाटली नाही. १९५५ मध्ये सामाईक बाजाराची बोलणी सुरू झाली तेव्हा लंडननं मंत्री न पाठवता व्यापार खात्याचा एक अधिकारी पाठवला, आणि नोव्हेंबरात त्यालाही परत बोलावलं. १९५७ चा रोमचा करार ब्रिटनशिवायच झाला आणि त्या सहा देशांचा युरोपीय आर्थिक समुदाय उभा राहिला. १९६० मध्ये ब्रिटननं इतर सहा देश जमवून वेगळा मुक्त व्यापार संघ काढला. त्यात माल मोकळा होता, पण कुणी कुणाचे कायदे ठरवायचे नव्हते. ब्रिटनला मनातून हवं होतं ते हेच, असं माझं मत.

पण त्या सहा देशांची भरभराट डोळ्यांत भरू लागली आणि १९६१ मध्ये पंतप्रधान मॅकमिलन यांनी अर्ज केला. जानेवारी १९६३ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी तो फेटाळला. त्यांची कारणं आज वाचली तर हसू येतं आणि थोडं चमकायलाही होतं. इंग्लंड बेट आहे, सागरी देश आहे, त्याचे धागेदोरे दूरदूरच्या देशांशी आहेत आणि त्याची अन्नाची सोयही तिकडूनच होते, असं ते म्हणाले. बोलणं फुकाचं नव्हतं. ब्रिटनच्या ताटातलं लोणी आणि मेंढीचं मांस न्यूझीलंडचं, चहातली साखर कॅरिबियन बेटांची. फ्रान्सला तर आपल्या शेतकऱ्याला भाव बांधून द्यायचा होता. १९६७ मध्ये मजूर पक्षाचे पंतप्रधान विल्सन यांनी पुन्हा अर्ज केला, द गॉल यांनी पुन्हा नकार दिला. ते पायउतार झाल्यावरच दार उघडलं.

पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी ब्रिटनला १ जानेवारी १९७३ ला आत नेलं. सोबत आयर्लंड आणि डेन्मार्क होते. आयर्लंड त्याच दिवशी आत आलं, ही गोष्ट लक्षात असू द्या.

त्या वेळी लोकांना काय सांगितलं गेलं, यावर पुढचं सगळं भांडण उभं आहे. १९७१ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत म्हटलं होतं की देशाच्या मूलभूत सार्वभौमत्वाला धक्का लागण्याचा प्रश्नच नाही. आणि रोमच्या कराराची पहिलीच ओळ युरोपच्या लोकांमधल्या अधिकाधिक घट्ट होत जाणाऱ्या एकजुटीबद्दल बोलते. सामाईक कायदा सदस्य देशाच्या कायद्याच्या वर राहील, असा निकाल युरोपच्या न्यायालयानं १९६४ मध्येच दिला होता. वाचणाऱ्याला सगळं दिसत होतं. पण प्रचारात पुढे होता तो बाजार.

मग ५ जून १९७५ चं सार्वमत. पुन्हा पंतप्रधान झालेल्या विल्सन यांचा मजूर पक्ष उभा दुभंगला होता. पक्ष सांभाळायला त्यांनी प्रश्न लोकांपुढे टाकला आणि मंत्र्यांना एकमेकांविरुद्ध प्रचार करायची मोकळीक दिली. मतपत्रिकेवर प्रश्न होता युरोपीय समुदायात राहावं का, आणि पुढे कंसात दोन शब्द: सामाईक बाजार. ६७ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. विरोधी पक्षनेत्या मार्गारेट थॅचर सदस्य देशांचे झेंडे विणलेला स्वेटर घालून 'हो'चा प्रचार करत होत्या. नव्या पिढीला हे सांगितलं तर खोटं वाटतं.

लोकांनी मत दिलं ते कंसाला. कंसाबाहेरच्या शब्दांचा हिशेब चाळीस वर्षं तुंबत गेला.

नागपूरच्या माणसाला हे फोड करून सांगावं लागू नये. विदर्भाला मराठी राज्यात आणताना झालेला २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार, १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगानं केलेली वेगळ्या विदर्भाची शिफारस, १९५६ मध्ये गेलेली राजधानी. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की बर्डीवर तर्री पोहे खाताना अनुशेषाचा विषय निघतोच, आणि वाद फिरून तिथेच येतो: आत येताना ठरलं काय होतं? बाकी तुलना ताणू नये. राज्य वेगळं करायचं तर संसदेला कायदा करावा लागतो. देशाला संघातून निघायला स्वतःची नोटीस पुरते. अर्थात युरोपातही ही सोय पहिल्यापासून नव्हती. ती लिस्बन करारानं दिली, कलम ५०, डिसेंबर २००९ पासून. त्याआधी डेन्मार्कच्या अखत्यारीतलं ग्रीनलंड तेवढं मासेमारीच्या हक्कांपायी वाटाघाटी करून १९८५ मध्ये बाहेर पडलं होतं.

१९८३ मध्ये बाहेर पडण्याचं वचन जाहीरनाम्यात देणारा पक्ष मजूर होता. थॅचर यांनी १९८४ मध्ये भांडून वर्गणीत सूट मिळवली आणि १९८६ मध्ये एकल बाजाराच्या करारावर सही केली. मग सप्टेंबर १९८८ मध्ये बारा दिवसांत पारडी फिरली. ८ तारखेला ब्रसेल्समधून समुदायाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जॅक डेलॉर ब्रिटिश कामगार संघटनांच्या अधिवेशनात गेले आणि कामगारांच्या हक्कांची हमी युरोप देईल म्हणाले. कामगार चळवळ युरोपकडे झुकली. २० तारखेला बेल्जियममधल्या ब्रूजमध्ये थॅचर म्हणाल्या की आम्ही घरात सरकारचा पसारा आवरला तो ब्रसेल्सनं वरून पुन्हा लादावा म्हणून नव्हे. तिथून त्यांच्या हुजूर पक्षाच्या घरात हे भांडण शिरलं ते निघालंच नाही.

१९९२ चा मास्ट्रिख्त करार, युरो चलनापासून घेतलेली सूट, २००४ मध्ये आलेले दहा नवे देश आणि त्यांच्या कामगारांना ब्रिटननं पहिल्या दिवसापासून दिलेला प्रवेश, या सगळ्यांनी त्यात तेल ओतलं. जानेवारी २०१३ मध्ये हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी सार्वमताचं वचन दिलं. पक्षातलं भांडण मिटवायला देशाला विचारायचं, ही विल्सन यांचीच युक्ती. या वेळी ती उलटली. २३ जून २०१६: निघायचं ५१.९ टक्के, राहायचं ४८.१. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये जवळपास ५६ टक्के लोक राहायच्या बाजूचे होते.

निघायचं ठरलं, पण निघून जायचं कुठे, हे मतपत्रिकेवर नव्हतं. नॉर्वेसारखं संघाबाहेर पण बाजारात राहून? की पूर्ण तुटून? जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार संसदेनं ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पाडला. शेवटी ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला. व्यापार मात्र वर्ष संपेपर्यंत जुन्याच नियमांनी चालला.

आणि आता ते आयर्लंड. बेटाचा उत्तरेकडचा तुकडा ब्रिटनचा, बाकीचं आयर्लंड स्वतंत्र देश. १९७३ मध्ये दोघे एकाच दिवशी आत आले म्हणून बेटावरच्या सीमेचा प्रश्न उभा राहिला नाही. उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार मिटवणाऱ्या १९९८ च्या शांतता करारानंतर तिथल्या लष्करी चौक्याही उठल्या. २०२० मध्ये मात्र दोघांपैकी एकच निघाला. बेटावर पुन्हा चौक्या उभारणं कुणालाच परवडणारं नव्हतं, म्हणून तपासणी समुद्रावर, म्हणजे ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये आली. २०२३ च्या विंडसर चौकटीनं ती बरीच सैल केली. तेव्हापासून इंग्लंडहून बेलफास्टच्या दुकानात सवलतीच्या वाटेनं जाणाऱ्या दुधाच्या बाटलीवर एक ओळ छापावी लागू लागली: युरोपीय संघासाठी नाही.