लिनक्स कर्नलमधून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून) स्ट्रिंग कॉपी करणारी जुनी फंक्शन्स काढायला एवढा वेळ का लागला: थोडी पार्श्वभूमी

सी या प्रोग्रामिंग भाषेत स्ट्रिंगची, म्हणजे अक्षरांच्या मजकुराची, लांबी कुठेच लिहिलेली नसते, शेवटी एक शून्य बाइट असतो तो दिसला की थांबायचं. स्ट्रिंग कॉपी करणारं स्ट्रकॉपी (strcpy) हे फंक्शन तेवढंच बघतं, समोरच्या बफरमध्ये, म्हणजे मजकुरासाठी राखलेल्या मेमरीत, जागा किती हे त्याला कळायचा मार्गच नाही, त्यामुळे जागा संपली तरी ते पुढच्या मेमरीवर लिहीत सुटतं. अशा बेहिशेबी लिहिण्याने काय होतं ते नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्मने, इंटरनेटवर आपोआप पसरलेल्या प्रोग्रामने, दाखवलं. तिथे फंक्शन गेट्स (gets, आलेली ओळ वाचून घेणारं) होतं, पण दुखणं तेच, फिंगर सर्व्हरच्या (युजरची माहिती देणाऱ्या प्रोग्रामच्या) ५१२ बाइटच्या बफरमध्ये ५३६ बाइट घुसवले आणि मशीन ताब्यात.

मग बरेच जण स्ट्रएनकॉपी (strncpy) वापरायला लागले, त्यात जास्तीत जास्त किती बाइट लिहायचे तो आकडा तरी देता येतो ना. पण ते त्यासाठी बनलेलंच नव्हतं! जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीची एक एन्ट्री १६ बाइटची, २ आयनोड नंबरला (फाइलच्या अंतर्गत क्रमांकाला) आणि १४ फाइलच्या नावाला. नाव छोटं असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरायची, आणि बरोब्बर १४ अक्षरांचं असेल तर शेवटी शून्य नाही टाकलं तरी चालायचं, कारण वाचणारा कोड १४ च्या पुढे जातच नव्हता. हेच फंक्शन साध्या स्ट्रिंगला लावलं की नाव जागेत जेमतेम बसल्यावर शेवटचं शून्य गायब, आणि पुढचा कोड शून्य शोधत भलतीकडेच वाचत जातो. सेफ म्हणून आणलेलंच नडलं.

१९९८ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी स्ट्रएलकॉपी (strlcpy) आणलं. हे शेवटी शून्य टाकतंच, त्यांचं मला खरंच कौतुक वाटतं कारण त्यांनी नुसतं फंक्शन देऊन सोडून दिलं नाही, स्वतःचा सगळा कोड त्यावर आणायला घेतला. लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीने, ग्लिबसीने (glibc), मात्र ते बरीच वर्षं नाकारलं, शेवटी २०२३ मध्ये २.३८ व्हर्जनला घेतलं.

पण स्ट्रएलकॉपी मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी परत करतं, म्हणजे १६ बाइट हवे असले तरी मूळ स्ट्रिंग शेवटपर्यंत वाचणार, आणि तिलाच शेवटी शून्य नसेल तर कर्नलमध्ये हा वाचनाचा नवा धोका. म्हणून २०१५ मध्ये लिनक्स ४.३ ला स्ट्रएसकॉपी (strscpy) आलं, हे गरजेपुरतंच वाचतं आणि मजकूर कापला गेला तर सरळ एरर देतं. कर्नल डेव्हलपर कीस कुक वगैरे मंडळींनी एकेक फाइल बदलत नेली आणि २०२४ च्या ६.८ मध्ये स्ट्रएलकॉपी कर्नलमधून पूर्ण गेलं.

स्ट्रएनकॉपी काढणं जास्त किचकट, तिथे फाइंड-रिप्लेस चालतच नाही. प्रत्येक जागी कोड वाचून ठरवावं लागतं की इथे शेवटी शून्य हवं का, उरलेली जागा शून्यांनी भरायची गरज आहे का. स्ट्रक्चर (एकत्र ठेवलेल्या माहितीचा गठ्ठा) युजर प्रोग्रामकडे जाणार असेल आणि जागा भरली नाही तर कर्नलच्या मेमरीतला जुना डेटा बाहेर जातो, तिथे उरलेली जागा शून्यांनी भरणारं स्ट्रएसकॉपी पॅड (strscpy_pad) लागतं, आणि जिथे हार्डवेअरला शून्याशिवायच ठरावीक लांबीचं नाव हवं तिथे स्ट्रटूमेम (strtomem).