डोक्यातली गाठ आणि अंगणातली स्कूटी

नागपुरात पत्ताकोबी चिरताना घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "नीट धू, कीडा डोक्यात जातो." यातलं अर्धंच खरं. कोबीवरची हिरवी अळी डोक्यात जात नाही. धोका असतो डुकराच्या फीतकृमीच्या, म्हणजे टेनिया सोलियमच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अंड्यांचा आणि ती येतात माणसाच्या विष्ठेतून. आतड्यात हा कृमी असलेल्याने हात न धुता सांबार निवडला (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात) तरी पुरतं. अंड्यातली अळी आतडं भेदून रक्तात शिरते आणि मेंदूत पाण्याच्या फोडासारखी गाठ होऊन बसते. डुकराचं कच्चं मांस खाल्ल्याने कृमी आतड्यात होतो. मेंदूतली गाठ जन्मभर शाकाहारी असलेल्यालाही होते. म्हणूनच या रुग्णाला "काय खाल्लंस?" असं दरडावणं मला क्रूर वाटतं.

ही गाठ अनेकदा वर्षानुवर्षं गुपचूप असते. ती मरू लागली की भोवती सूज येते आणि पहिली फिट येते. हा कृमी जिथे कायमचा आहे, तिथल्या अपस्माराच्या, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराच्या, सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तोच असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अल्बेंडाझोल (कृमी मारणारं औषध), सूज उतरवणारं स्टेरॉइड आणि फिटच्या गोळ्यांनी अनेकांची गाठ विरते.

पण स्कॅन साफ आला म्हणजे माणूस सुटला का? समजा, इतवारीत नोकरीला जाणारी एखादी मुलगी आहे. वर्षभरात एकही फिट नाही. तरी स्कूटी अंगणातच उभी. आई न्हाणीची कडी लावू देत नाही. गोळ्यांनी दिवसभर झापड येते. पाहुणे बघायला आले की मावशी कानात सांगते, "गोळ्यांचं बोलू नको." मग गोळ्या लपवून घ्यायच्या, कधी चुकवायच्या; आणि चुकलेली गोळीच नवी फिट आणू शकते.

"फिट किती आल्या?" एवढ्यावर यातलं काहीच कळत नाही. अपस्माराच्या रुग्णांसाठी ३१ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. त्यात फिटची धास्ती, थकवा, स्मरणशक्ती, औषधांचा त्रास, चारचौघांत मिसळणं, सगळं विचारलं जातं. माझ्या मते स्कॅनइतकाच तिचाही आग्रह धरायला हवा. हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची आडकाठी १९९९ मध्येच निघाली, हेही त्या आईला कोणीतरी बसवून सांगायला हवं.

आणि गोळ्या कधी थांबतील, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. गाठ पूर्ण विरली असेल तर त्या बहुधा लवकर कमी करता येतात. तिच्या जागी चुन्याचा खडा उरला असेल तर जास्त काळ लागतात.