सेकंदाला चौदा सूर

फेब्रुवारी १९७८ मध्ये ‘व्हॅन हेलन’ या अमेरिकी बँडची पहिली रेकॉर्ड बाजारात आली. तिच्यातली दुसरी चीज ‘इरप्शन’. लांबी १ मिनिट ४२ सेकंद, शब्द एकही नाही, जवळजवळ सगळं एकट्या इलेक्ट्रिक गिटारवर. वाजवणारा एडी व्हॅन हेलन तेव्हा २३ वर्षांचा होता. ही चीज रेकॉर्डवर घ्यायचं ठरलंही नव्हतं. क्लबमधल्या कार्यक्रमाआधी स्टुडिओत तो हात मोकळा करत होता, ते कानावर पडलं आणि ध्वनिमुद्रित झालं. शेवटच्या भागात सूर इतक्या भराभर आणि एवढ्या लांब उड्या घेत येतात, की मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हा ऑर्गन असावा अशी माझी खात्री झाली होती.

तिथे एडीने काय केलं ते समजून घेण्यासारखं आहे. एरवी गिटारवादकाचा डावा हात तार दाबतो आणि उजवा हात पिकने, म्हणजे बोटांत धरलेल्या छोट्या चपट्या तुकड्याने, ती छेडतो. प्रत्येक सुरासाठी दोन्ही हातांची गाठ नेमक्या एका क्षणी पडावी लागते, आणि वेग वाढला की पहिल्यांदा हीच गाठ सुटते. एडीने उजव्या हाताचं बोट थेट फ्रेटबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या पडद्यांच्या (फ्रेटच्या) पट्टीवर, नेलं आणि तार तिथेच ठोकली. ठोकलं की एक सूर. ते बोट तारेला जरा खेचत उचललं की डाव्या हाताने आधीच दाबून ठेवलेला दुसरा सूर. डाव्या हाताचं आणखी एक बोट आदळलं की तिसरा. तिन्ही सूर एकाच तारेवर, म्हणजे तार बदलण्याचा वेळ वाचला, आणि दोन हातांमधलं अंतरही भरपूर, त्यामुळे सुरांमधल्या उड्या लांब. या पद्धतीला टॅपिंग म्हणतात. ती एडीची एकट्याची नव्हे. इंग्लंडचा स्टीव्ह हॅकेट काही वर्षं आधीपासून ती वापरत होता. पण तिचं एवढं सलग आणि उघड दर्शन लोकांना इथे घडलं.

साध्या लाकडी गिटारवर हेच करून पाहा, पुसट टकटक ऐकू येईल. बोटाच्या ठोक्यात पिकच्या छेडण्याइतकी ताकद नसते. ही उणीव विजेने भरून निघते. तारांखालच्या पिकअपमध्ये चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात बारीकसा विद्युतप्रवाह उमटतो आणि अँप, म्हणजे अँप्लिफायर, तो मोठा करतो. अँपला त्याच्या क्षमतेपलीकडे रेटलं की तो लाटांचे माथे छाटू लागतो. जोरकस सुराची लाट वर छाटली जाते, हलक्या सुराची तेवढ्याच उंचीपर्यंत चढते. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. त्यामुळे ठोकलेला सूर, खेचून सोडलेला सूर आणि पिकने छेडलेला सूर हे तिन्ही जवळपास एकाच जोराचे होतात आणि लांबवर टिकतात. इलेक्ट्रिक गिटारच्या वेगाचा पाया मला या विद्युतमंडलात दिसतो, बोटांचा क्रम त्यानंतर.

आता वेगाबद्दलची तक्रार. आपल्याकडे मैफलीतून बाहेर पडताना कुणीतरी म्हणतंच, ‘गळा तयार आहे हो, पण गाणं कुठंय?’ वेगवान गिटारवादकांच्या वाट्याला अमेरिकेत, युरोपात आणि जपानमध्येही हेच वाक्य येतं. मला ही तक्रार अर्धी खरी वाटते. तिचा खरा अर्धा भाग नेमका कोणता, ते कान आणि हात कसे काम करतात हे पाहिल्यावर कळतं.

मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारं यंत्र, मिनिटाला १२० ठोक्यांवर ठेवून प्रत्येक ठोक्यात चार सूर वाजवले तर सेकंदाला ८ सूर होतात. मिनिटाला २१० ठोक्यांवर तेच केलं तर सेकंदाला १४. म्हणजे एका सुराच्या वाट्याला सुमारे ७० मिलिसेकंद, एका सेकंदाच्या चौदाव्या भागाइतका वेळ. सलग धावणारे सूर कान एवढ्या वेळात वेगवेगळे ऐकतो. त्यांचा दाणा कळतो. मात्र त्यांचा क्रम मोजून ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अल्बर्ट ब्रेगमन आणि जेफ्री कँपबेल यांनी १९७१ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. तीन उंच आणि तीन खालचे सूर आलटून पालटून, प्रत्येक १०० मिलिसेकंदांचा, असे चक्रासारखे फिरवत ऐकवले. ऐकणाऱ्यांना त्याचे दोन प्रवाह झालेले ऐकू आले, वर एक आणि खाली एक. प्रत्येक प्रवाहातला क्रम ते सांगू शकत होते. वरचा कोणता सूर खालच्या कोणत्या सुराच्या आधी आला, ते मात्र सांगता येईना. म्हणजे वेग आणि अंतर दोन्ही वाढलं की कान सुरांची एक ओळ ऐकणं सोडतो आणि जवळजवळचे सूर एकत्र गोळा करून त्यांच्या दोन ओळी बनवतो. जर्मन संगीतकार बाखने एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या रचनांमध्ये एकाच वाद्यावर दोन आवाज चालू असल्याचा भास होतो, तो यामुळेच. टॅपिंगच्या उड्यांमध्येही तेच घडतं. उजव्या हाताने ठोकलेले वरचे सूर स्वतःची चाल धरतात आणि खालचे त्यांना साथ देत राहतात. एडी लहानपणी पियानो शिकला होता, आणि दोन हातांनी दोन गोष्टी सांगायची ती सवय मला या तुकड्यात स्पष्ट ऐकू येते.

तेव्हा एका मर्यादेनंतर संगीताचा घटक बदलतो. विलंबितात एकेक सूर बोलतो, द्रुतात सुरांचा पुंजका बोलतो. सपाट तानेत आपण प्रत्येक सूर मोजत बसतो का? तान कुठून उचलली, कशी वळली, कुठे उतरली, हे आपण ऐकतो. वेगवान सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडाही, असाच ऐकायचा असतो.

वेगाला पदार्थविज्ञानाचीही एक अट आहे, आणि गिटारवादकांच्या गप्पांमध्ये तिचा उल्लेख फारसा होत नाही. सुराची उंची ठरायला लाटेची पुरेशी आवर्तनं कानात जावी लागतात. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ८२ आवर्तनं करते. ७० मिलिसेकंदांत त्यातली जेमतेम ६ होतात. सर्वांत बारीक तार बाराव्या फ्रेटवर सेकंदाला ६५९ आवर्तनं करते, तिची तेवढ्याच वेळात ४६ होतात. डेनिस गॅबर या शास्त्रज्ञाने १९४६ मध्ये मांडलेला हिशेब असा, की ध्वनी जितका आखूड, तितकी त्याची वारंवारता धूसर. ७० मिलिसेकंदांच्या सुराची ही धूसरता ढोबळमानाने १४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४ आवर्तनं, भरते. जाड तारेवर शेजारच्या दोन सुरांत फक्त ५ हर्ट्झचं अंतर असतं, तेव्हा तिथे चिखल होतो. बारीक तारेवर तेच अंतर ३९ हर्ट्झ असतं, तेव्हा तिथे सूर स्वच्छ राहतो. विजेसारखे सोलो बहुतेक करून वरच्या सप्तकात का असतात, याचं एक कारण इथे सापडतं. हेवी मेटलमध्ये जाड तारांवर वेगाने वाजवणारे मग काय करतात? डिस्टॉर्शन मूळ सुरावर चढे उपसूर, म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या वारंवारता, भरघोस चढवतं, आणि आठव्या उपसुरापाशी ते ५ हर्ट्झचं अंतर आठपट होऊन पुन्हा ३९ वर जातं. कानाला धरायला काहीतरी मिळतं. शिवाय तळहाताची कड तारांवर टेकवून ते प्रत्येक सुराची शेपटी तोडतात, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळत नाही.

आता हात. बोटं हलवणारे मुख्य स्नायू बोटांमध्ये नसतातच. ते कोपराखालच्या भागात असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या कंडरांनी बोटं ओढतात. मेंदूतून निघालेला आदेश हाताच्या स्नायूपर्यंत यायला सुमारे २० मिलिसेकंद लागतात. आवाज ऐकून त्यावर साधी प्रतिक्रिया द्यायला १५० च्या आसपास. सेकंदाला चौदा सुरांच्या वेगात तेवढ्यात दोन सूर वाजून गेलेले असतात. तेव्हा एक सूर ऐकून, तपासून मग पुढचा वाजवणं अशक्य आहे. कार्ल लॅशली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात वादकांच्या बोटांचंच उदाहरण दिलं होतं: प्रत्येक हालचाल मागच्या हालचालीच्या जाणिवेतून सुरू होत असती, तर एवढा वेग साधलाच नसता. क्रम आधीच आखलेला असतो आणि अनेक सुरांची गाठोडी एकेका आदेशात सुटतात.

हे गाठोडं कोण बांधतं, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे.

स्वीडनच्या इंग्वे मालम्स्टीन या गिटारवादकाचं उदाहरण घेऊ. १९८४ च्या त्याच्या पहिल्या एकल रेकॉर्डने गिटारच्या वेगाची कल्पनाच बदलली. बाख आणि इटालियन व्हायोलिनवादक पागानीनी हे त्याचे आदर्श. ट्रॉय ग्रेडी या अमेरिकी वादकाने जवळून केलेल्या चित्रीकरणांच्या आधारे त्याचा उजवा हात समजावून दिला आहे. मालम्स्टीनचं पिक किंचित कललेलं असतं. खाली मारताना ते दोन तारांच्या मधे रुततं, वर मारताना तारांच्या पातळीबाहेर निघतं. म्हणून तार बदलायची ती वरच्या फटक्यानंतर, तेव्हाच वाट मोकळी असते. याचा परिणाम थेट सुरांवर होतो: एका तारेवर दोन, चार किंवा सहा असे सम संख्येत सूर घेणं सोयीचं पडतं. सूर विषम आले तर तो एक सूर न छेडता डाव्या बोटानेच काढतो, नाहीतर पिक पुढच्या तारेवर तसंच घसरवतो. एखादी ओळ ऐकून ‘हे असंच का वळलं?’ असा प्रश्न पडतो, आणि उत्तर कधी हार्मनीत असतं, कधी मनगटात. मालम्स्टीनच्या हातात ही सोय शैली बनली. त्याच्यामागून आलेल्या शेकडो अनुकरणकर्त्यांत नुसती सोयच उरली, आणि तक्रारीचा खरा अर्धा भाग मला इथे दिसतो.

याच्या उलट टोकाला इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा गिटारवादक ॲलन होल्ड्सवर्थ. त्याला खरं तर सॅक्सोफोन हवा होता, हातात आली गिटार. जॉन कोल्ट्रेनच्या सॅक्सोफोनवर त्याचा जीव होता. सॅक्सोफोनचा श्वास गिटारमधून यावा म्हणून त्याने पिकचा टोकदार आघात जवळजवळ वगळला आणि डाव्या बोटांच्या ठोक्यांवर अखंड ओळी उभ्या केल्या. बोटं फ्रेटबोर्डवर अवघडतील इतकी फाकवली, कारण कानाला तो सूर हवा होता. त्याचं वाजवणं पहिल्या ऐकण्यात निसटतं. चौथ्या-पाचव्यांदा त्यातल्या वळणांची ओळख पटू लागते, आणि मग ते सोडवत नाही.

संथ सुराचंही शास्त्र आहे. गिटारवरचं व्हायब्रॅटो, म्हणजे सुराचं डोलणं, साधारण सेकंदाला पाच-सहा वेळा होतं. एका डोलण्याला १७० ते २०० मिलिसेकंद लागतात. ७० मिलिसेकंदांच्या सुराला डोलायला वेळच नाही. मींडेचंही तसंच. तार आडवी ताणून सूर अख्खा एक स्वर वर न्यायचा तर तिच्यातला ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढवावा लागतो, आणि तो नेमका सुरावर थांबला का, हे कानाने तपासतच न्यावं लागतं. इथे ऐकून दुरुस्त करायला वेळ मिळतो. वेगात जे काम आधीच्या आखणीवर सोडलेलं असतं ते इथे त्या क्षणी चालू राहतं. अमेरिकी ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांनी सगळं आयुष्य याच जागेवर काढलं. स्लाइड, म्हणजे तारांवरून घसरवायची नळी, वापरणं त्यांना जमेना, म्हणून तो आवाज बोटाच्या थरथरीतून काढायचा त्यांनी ध्यास घेतला, आणि ती थरथर पुढे त्यांची ओळख झाली. एका सुरात ते ओळखू येतात.

या दोन्ही वाटांवर चाललेला माणूस म्हणजे इंग्लिश गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन. १९७१ मध्ये त्याने महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा बँड उभा केला, तेव्हा त्याच्या वेगाने श्रोते थक्क झाले. पुढे मुंबईचे तबलावादक झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटम वाजवणारे विक्कू विनायकराम यांच्यासह तो ‘शक्ती’ या वाद्यवृंदात आला. तिथे त्याचा वेग तालाच्या हिशेबात बसला. तिहाई घेऊन समेवर यायचं तर ओळ कुठे संपणार हे आधी पक्कं हवं, आणि मग मधले सूर कितीही धावले तरी ऐकणारा हरवत नाही. सम जवळ आली की आपण श्रोतेही मान तयार ठेवतो. मॅक्लॉफलिन वीणा शिकला होता. वीणेच्या पडद्यांवर तार ताणून गमक काढतात, तशी ती गिटारवर ताणता येईना, कारण बोट मधल्या लाकडाला घासतं. ‘शक्ती’साठी बनवून घेतलेल्या गिटारमध्ये त्याने दोन फ्रेटमधलं लाकूड कोरून काढलं. बोटाखाली आता फक्त तार. मालम्स्टीनच्या गिटारचा फ्रेटबोर्डही असाच कोरलेला आहे.